पाळतीचे दप्तर

अकबराने इ. स. १६०१ मध्ये असीरगड घेऊन फारुकी सुलतानांचे राज्य संपविले आणि बऱ्हाणपूर हे मोगली सुभ्याचे ठाणे झाले, तेव्हापासून खानदेशात सुभेदार, दिवाण आणि फौजदार यांच्या जोडीला आणखी एक ओहदेदार आला; त्याला वाकेनवीस म्हणत. सुभ्यात काय घडले, कोणत्या जमीनदाराने मान वर केली, बाजारपेठेत लोक काय बोलतात, याचा तपशील लिहून त्याने डाकेने दरबारी धाडावयाचा. आणि तो खरे लिहितो की नाही हे पाहण्यासाठी खुफियानवीस नावाचा दुसरा लेखक त्याच्या नकळत तेच काम करीत असे. सत्ता आणि प्रजा यांच्यामध्ये लेखणी घेऊन बसलेला हा मनुष्य पुढे नावे बदलीत आणि पोशाख बदलीत खानदेशात आजतागायत टिकून आहे. कंपनी सरकारच्या काळी तो सातपुड्याच्या पायथ्याशी हिंडणारा बातमीदार होता, टिळकांच्या काळी सभेच्या कोपऱ्यात बसून व्याख्यान टिपणारा पोलीस खात्याचा लघुलेखक होता, आणि आज तो संगणकासमोर बसून समाजमाध्यमांवरील मजकूर चाळणारा सायबर शाखेचा अंमलदार आहे. त्याने लिहिलेल्या दप्तरावरच आपल्या इतिहासाचा फार मोठा भाग उभा असल्यामुळे त्या दप्तराला काय दिसले आणि काय दिसले नाही, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने केलाच पाहिजे. माझे मत असे आहे की, या पाळतीला बोलणारा मनुष्य नेहमी दिसला, परंतु त्याच्या बोलण्यामागचे दुःख क्वचितच दिसले. आणि जेथे ते दिसले तेवढ्याच जागी पाळतीचा काही उपयोग झाला.

सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मालेगावच्या किल्ल्यातील अरबांचा बीमोड करून इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या हाती जो मुलूख आला तो उजाड होता. होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली होती, शेतात रान माजले होते आणि सातपुडा व सातमाळा या दोन्ही डोंगररांगांतून भिल्लांच्या टोळ्या खाली उतरून गुरे व धान्य नेत होत्या. हे भिल्ल परके नव्हते. गावाच्या राखणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होते. जागल्या म्हणून त्यांना गावाकडून हक्काचे धान्य मिळे, चोराचा माग काढण्याची जबाबदारी त्यांची असे, आणि माग न लागल्यास भरपाईची झळही त्यांनाच लागे. गाव मोडले तेव्हा हक्क मोडला, आणि हक्क मोडला तेव्हा राखणदार लुटारू झाला. नव्या सरकारच्या प्रारंभीच्या कागदपत्रांतून मात्र भिल्ल ही एक जात्या बंडखोर जमात म्हणून अवतरते. नाईकांची नावे, त्यांच्या टोळ्यांतील माणसांची संख्या, घाटांच्या वाटा आणि धरपकडीची इनामे यांनी ही पत्रे भरलेली आहेत. सात वर्षे फौजा पाठवूनही काही साधले नाही. तापाने शिपाई मेले आणि डोंगर तसाच राहिला.

या अपयशानंतर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये निराळा मार्ग पत्करला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, भिल्लांना तगाई देऊन शेतीवर बसविण्याचे काम सुरू झाले, आणि जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे भिल्लांचीच एक पलटण उभी करण्याची कामगिरी आली. धरणगाव हे तिचे ठाणे. आउट्रम शिकारीच्या निमित्ताने डोंगरात राहिला, ज्यांना पकडावयाचे त्यांच्याच भरवशावर रात्री निजला, आणि दहा वर्षांत ज्या लोकांची नावे दरोडेखोरांच्या यादीत होती त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर सरकारी गणवेश चढला. हा मनुष्य साम्राज्याचा चाकर होता आणि त्याने संपादन केलेला विश्वास अखेर साम्राज्याच्याच कामी आला, हे विसरून त्याची स्तुती करणे मला मान्य नाही. परंतु पाळतीच्या इतिहासात त्याची नोंद करावी लागते ती अशासाठी की, भिल्लाचा हक्क बुडाला आहे ही गोष्ट त्याच्या काळच्या कारभाराने गुन्ह्याच्या तपशिलाइतकीच महत्त्वाची मानली. पूर्वीच्या दप्तरात ती नव्हती असे नाही. ती होती, पण तिच्यावर हुकूम निघत नव्हता.

तीच गोष्ट पुन्हा विसरली गेली तेव्हा काय झाले हे खाज्या नाईकाच्या चरित्रावरून दिसते. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा हा सरकारी नोकर तुरुंगवास भोगून आला, सरकारशी त्याचे बिनसले आणि १८५७ च्या नोव्हेंबरात, ज्या रस्त्याची राखण त्याने केली होती त्याच रस्त्यावर, इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाख रुपयांचा खजिना त्याने लुटला. भीमा नाईक त्याच्या सोबत होता. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत भिल्लांचा मोड झाला, पुढे १८६० मध्ये खाज्या नाईक दगाफटक्याने मारला गेला, आणि भीमा नाईकाची रवानगी अंदमानात झाली. घाटातील प्रत्येक वाट, प्रत्येक चौकी आणि खजिना नेण्याची प्रत्येक रीत ज्याला ठाऊक होती असा मनुष्य सरकारनेच घडविला होता आणि सरकारनेच गमावला.

छापखाना आला आणि पाळतीचे क्षेत्र डोंगरावरून कागदावर सरकले. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण देणे बंधनकारक झाले. १८७० मध्ये राजद्रोहाचे १२४-अ हे कलम दंडसंहितेत आले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांपुरता निराळा कायदा करून त्यांची मुस्कटदाबी केली, आणि तो कायदा चार वर्षांत रद्द झाला तरी वृत्तपत्रे वाचण्याची सरकारी व्यवस्था राहिलीच. मुंबईस ‘रिपोर्टर ऑन द नेटिव्ह प्रेस’ नावाचे एक कार्यालय असे. मराठी, गुजराती, उर्दू, कानडी पत्रांतील मजकूर तेथील देशी विद्वान वाचीत, त्यातील आक्षेपार्ह अथवा लक्षणीय भागाचा इंग्रजी सारांश करीत आणि दर आठवड्यास तो छापून गुप्त म्हणून अधिकाऱ्यांकडे जाई. धुळ्याचे ‘खानदेश वैभव’, जळगावचे ‘प्रबोधचंद्रिका’ यांसारखी जिल्ह्याची पत्रेही या चाळणीतून जात. आज हे अहवाल अभ्यासकांना खुले आहेत, आणि ज्या पत्रांचे मूळ अंक वाळवीने खाल्ले त्यांतील विचार अनेकदा केवळ या सारांशांत उरलेले आढळतात. शेतसाऱ्याविषयी, दुष्काळी कामावरील मजुरीविषयी, जंगलाच्या कायद्याविषयी, मामलेदाराच्या जुलमाविषयी खानदेशचे संपादक काय लिहीत होते याचा शोध घेऊ पाहणाऱ्यास सरकारी भाषांतरकाराच्या मागून चालावे लागते. त्याने जे वगळले ते आपणांस कायमचे अंतरले.

येथे जळगावची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेस वाहिलेले मासिक जळगावात चालविले आणि १९०७ मध्ये त्याच गावी महाराष्ट्रातील कवींचे पहिले संमेलन भरले. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला तेथेच ‘बालकवी’ हे नाव मिळाले. ज्या वर्षी सुरतेस काँग्रेस दुभंगली आणि देशभर जहाल म्हणून गणलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे पोलीस लागले, त्याच वर्षी खानदेशातील एका लहानशा शहरात कवी एकत्र जमून निसर्गाच्या कविता वाचीत होते. एखाद्या प्रदेशाचे चरित्र केवळ पोलीस दप्तरावरून लिहिले तर एवढा मोठा आनंद त्यातून निसटून जाईल.

१९०४ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गुन्हे-गुप्तवार्ता खाते स्थापन झाले आणि पाठोपाठ प्रांतोप्रांती त्याच्या शाखा निघाल्या. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव व धुळे या दोन ठाण्यांहून साप्ताहिक गोषवारे वर जाऊ लागले. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा विजयानंद नाट्यगृहात वध झाल्यावर शेजारच्या खानदेशातही संशयाचे वारे वाहिले, १९१० च्या मुद्रण कायद्याने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन घेण्याची तरतूद झाली, आणि जिल्ह्याच्या गावातील ज्या संपादकाचे सारे भांडवलच त्याहून कमी होते त्याने शिक्षेपूर्वीच लेखणी आवरली. कायद्याने किती पत्रे जप्त केली याचा हिशेब लागतो. भीतीने किती अग्रलेख लिहिलेच गेले नाहीत याचा हिशेब कोणत्याही बारनिशीत सापडणार नाही.

व्याख्यानांच्या बाबतीत सरकारला लघुलेखक लागला. १९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथे टिळकांनी स्वराज्यावर केलेली भाषणे पोलिसांच्या लेखकांनी टिपून घेतली, त्यांवरून टिळकांकडून जामीन मागण्यात आला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. तेव्हापासून मराठी सभेच्या व्यासपीठाजवळ, मांडीवर वही घेतलेला एक साधा मनुष्य हे नेहमीचे दृश्य झाले; वक्ते त्याला ओळखीत, कित्येकदा त्याला ऐकू जावे म्हणून सावकाश बोलत. वक्त्याचा प्रत्येक शब्द त्याने फिर्यादीसाठी जपला, आणि फिर्याद निघाली नाही तरी तो शब्द टिकला.

याच कलेचा एक दुसरा प्रयोग धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली घडला, आणि खानदेशच्या इतिहासात त्याच्या तोलाची घटना मला दुसरी दिसत नाही. सविनय कायदेभंगात शिक्षा होऊन विनोबा भावे तेथे आले; जमनालाल बजाज तेथे होते, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाची नोकरी १९३० मध्ये सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजीही तेथे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ते भरभर लिहून घेत होते. समोर राजबंदी होते, साधे कैदी होते, आणि ज्यांनी त्यांच्यावर नजर ठेवावयाची ते तुरुंगाचे अधिकारीही ऐकावयास बसत. बाहेर सरकारचा लघुलेखक राजद्रोह हुडकीत सभा टिपीत होता, आणि आत, त्याच सरकारच्या कुलपाआड, एक शिक्षक दुसऱ्याच हेतूने तेच काम करीत होता. ‘गीताप्रवचने’ हा ग्रंथ पुढे भारताच्या बहुतेक भाषांत गेला. पहाऱ्यावरील माणसाने पहाऱ्यातील माणसाचे म्हणणे एकवार स्वस्थपणे ऐकले तर तो कसा बदलतो, हे पाहावयाचे असेल तर धुळ्याच्या या अठरा रविवारांकडे पाहावे.

१९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, आणि जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली केळीच्या व कापसाच्या शेतांतून हजारो शेतकरी चालत आले. एवढ्या अफाट समुदायावर कोणत्या वहीने पाळत ठेवावी? साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. शेतकऱ्यांची खंडमाफी आणि गिरणी कामगारांची मजुरी हे त्याचे विषय होते, आणि ज्या सरकारी नजरेला त्यात चिथावणी दिसली तिला त्यातील रडणे दिसावयास हवे होते असे मला वाटते.

मग बेचाळीस आले. नेते ९ ऑगस्ट रोजी पकडले गेले, आणि ज्यांची नावे यादीत होती ते सर्व आत गेल्यावर जी माणसे उठली त्यांची नावे कोणत्याही यादीत नव्हती. अमळनेर येथे डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी सरकारी कचेऱ्या पेटविल्या. नंदुरबारास ९ सप्टेंबर रोजी शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. पंधरा वर्षांच्या मुलाविषयी गुप्तवार्ता खात्यापाशी काय असणार? हस्तलिखित व चक्रमुद्रित पत्रके गावोगाव फिरत होती, त्यांवर मुद्रकाचे नाव नव्हते, आणि १८६७ च्या कायद्याने पाळतीच्या हाती दिलेले साधन निकामी झाले होते. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र पोलीस रोज ऐकत व टिपून घेत, आणि अखेर नोव्हेंबरात ते त्यांनी पकडले. त्या केंद्रावरून काय बोलले गेले हे आज आपणांस कळते ते मुख्यतः त्याच पोलीस टिपणांवरून. साने गुरुजी भूमिगत राहून लिहीत होते, तेही १९४३ मध्ये मुंबईत पकडले गेले.

आणि एवढी पाळत असतानाही १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांच्या घरातील सरकारी खजिना चिमठाण्याजवळ भरदिवसा लुटला गेला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी हे कार्यकर्ते आणि खानदेशचे उत्तमराव पाटील व त्यांचे साथीदार यांनी मिळून हा बेत पार पाडला. कृष्णाकाठची माणसे तापीकाठी येऊन राहिली, वाटा पाहून गेली, आणि गावांनी तोंड उघडले नाही. गावाने तोंड न उघडणे म्हणजेच राज्य संपल्याची खूण होती. सरकारी गोषवाऱ्यात ती कोणी नोंदविली असल्यास त्याने आपले काम चोख केले म्हणावयाचे.

स्वराज्य आले तरी दप्तर मोडले नाही. तीच शाखा, तेच साप्ताहिक अहवाल, तीच ‘गोपनीय’ ही मोहोर. १९७१ नंतर शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आदिवासी शेतमजुरांची मजुरी व गेलेल्या जमिनी यांचा प्रश्न उभा केला तेव्हा जमीनदारांनी पीक-संरक्षणाच्या नावाखाली आपले खासगी पहारे उभे केले आणि मजुरांच्या मागणीला नक्षलवादाचे नाव चिकटविले गेले. दीडशे वर्षांनी पुन्हा तोच भिल्ल आणि पुन्हा तोच हक्क, एवढे म्हणून पुढे जाऊ.

गेल्या पंचवीस वर्षांत बोलण्याची जागाच बदलली आहे. द्वेष शिकविणारी आणि शस्त्र हाती घ्यावयास लावणारी वाणी आता चावडीवर नव्हे, तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येते. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण या मार्गाने भारले जाऊन इराकला गेले तेव्हा घरच्यांनाही पत्ता लागला नव्हता. अशा वाणीवर राज्याने नजर ठेवू नये असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम आणि त्याखालील २००९ चे नियम सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमावर हे काम सोपवितात, व ते योग्यच आहे. परंतु नजर चुकली म्हणजे किंमत कोण मोजतो हेही पाहिले पाहिजे. एकेकाळी खानदेशातच मोडणाऱ्या मालेगावात २००६ साली झालेल्या स्फोटांसाठी ज्या नऊ मुसलमान इसमांना धरले, त्यांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. २००८ च्या स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. मेलेल्यांच्या नातेवाइकांना दोन्ही वेळा न्यायासाठी थांबावे लागले. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये समाजमाध्यमावरील एका साध्या अभिप्रायासाठी अटक झाली, आणि ज्या ६६-अ कलमाचा आधार घेतला गेला ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविले.

आणि १ जुलै २०१८ चा राईनपाडा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या आदिवासी गावी आठवडे बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले; मुले पळविणारी टोळी हिंडते आहे अशी अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरली होती. या अफवेला संपादक नव्हता, मुद्रक नव्हता, पुढारी नव्हता. संशयितांच्या कोणत्याही यादीत राईनपाड्यातील माणसे नव्हती, आणि कोणत्याही यंत्राने त्यांची भीती मोजली नसती. ती भीती ज्याला कळली असती तो पोलीसपाटील, तो शिक्षक, तो गावचा जुना राखणदार. परंतु त्याचे ऐकणारा वर कोणी उरलेला नाही. या घटनेनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर परदेशातील एका कंपनीने घेतलेला हा निर्णय आहे, आणि खानदेशच्या इतिहासात त्याची नोंद दुःखाने करावी लागते.

जुन्या पाळतीचे दप्तर निदान कागदावर होते. शंभर वर्षांनी ते उघडले आणि आपण ते वाचले. आजच्या पाळतीचे दप्तर तसे उघडेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून दोन गोष्टींची विनंती करतो. जळगाव आणि धुळे येथील पोलीस व महसूल खात्यांच्या ज्या जुन्या गोपनीय नस्त्यांची मुदत उलटून गेली आहे त्या नष्ट न करता शासनाने अभ्यासकांना खुल्या कराव्यात. आणि खानदेशातील ज्या घरांत बेचाळीसची पत्रके, तुरुंगातील पत्रे, जप्तीच्या नोटिसा, आजोबांच्या जबान्या किंवा शहाद्याच्या चळवळीतील वह्या अजून पेटीत पडून असतील, त्या घरांनी त्या रद्दीत न घालता धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे सोपवाव्यात.